चादरीची वीण पडद्यावर आणताना: फोटो संपादन शिकण्याचा अनुभव

सोलापुरी चादर आणि टर्किश टॉवेल यांचे फोटो वेबवर नीट दिसणं वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. वीण बारीक, रंग गडद, काठावर लाल-पांढऱ्या धाग्यांची दाट नक्षी. त्यातलं बरंचसं फोनचा कॅमेरा घालवतो आणि उरलेलं वेबसाइटवर चढवताना जातं. घरच्या दुकानाचं कॅटलॉग वेबवर टाकायचं ठरल्यावर गेल्या जूनमध्ये फोटो संपादन शिकायला सुरुवात झाली आणि जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, पानं लोकांसमोर आली. मधल्या काळात काय कुठे अडतं, कशाला किती पैसे लागतात आणि कुठल्या क्रमाने शिकलं तर गोंधळ कमी होतो, ते इथे लिहून ठेवतो आहे.

सुरुवात क्लासपासून केली. सात रस्त्याच्या परिसरातल्या एका खासगी क्लासची फी साडेचार हजार होती, दोन हप्त्यांत. अर्जासोबत आधारची झेरॉक्स, दहावीची गुणपत्रिका आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो लागले. बॅच भरेपर्यंत तीन आठवडे थांबावं लागलं. पैसे भरण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. सॉफ्टवेअरची कुठली आवृत्ती शिकवणार, सरावाला संगणक रोज किती वेळ मिळणार, प्रमाणपत्र परीक्षेनंतर मिळणार की प्रकल्प दिल्यानंतर, आणि दुसरा हप्ता थकला तर दंड आहे का. पावती नंबरासकट मागून घ्यावी. अर्जावरचं नाव आधारवर आहे अक्षर न अक्षर तसंच लिहावं, कारण प्रमाणपत्रावर तेच छापून येतं आणि दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो.

क्लासमध्ये मेनू पाठ होतात. अमुक फिल्टर कुठे आहे ते कळतं, पण तो कधी लावायचा नाही हे क्वचितच सांगितलं जातं. ती बाजू घरी सरावानेच भरून निघते. घरच्या लॅपटॉपवर गिंप हे फोटो संपादनाचं सॉफ्टवेअर घेतलं. ते पूर्णपणे मोफत आहे. स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी 1995 मध्ये ते लिहायला घेतलं आणि पुढच्या वर्षी ते लोकांसाठी खुलं झालं. आता मार्च 2025 मध्ये आलेली तिसरी आवृत्ती किंवा तिच्या पुढची घ्यावी, जुनी 2.10 नको. कारण पुढे फिल्टरच्या भागात येईल. मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात गिंपचे धडे मराठी आवाजात मोफत आहेत. त्यातले पडदे जुन्या आवृत्तीचे दिसतात, पण थर (लेअर), निवड, मास्क या मूळ कल्पना तशाच आहेत.

जुलैभर फिल्टरला हात लावला नाही, आणि हाच क्रम मी सगळ्यांना सुचवेन. आधी फोटो म्हणजे काय ते डोक्यात बसलं पाहिजे. आपल्याकडे सोलापूरच्या पूर्वभागात जॅकार्डची, म्हणजे मागावर विणायची, नक्षी काढणारा माणूस ग्राफ पेपरवर एकेक चौकोन भरतो. एक चौकोन म्हणजे उभा आणि आडवा धागा एकमेकांना ओलांडतात ती एक जागा. डिजिटल फोटो नेमका तसाच असतो, त्यातल्या चौकोनाला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक चौकोनात लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांचे आकडे, प्रत्येकी 0 ते 255. फिल्टर या आकड्यांवर हिशेब करतो. ब्लर म्हणजे शेजारच्या चौकोनांशी सरासरी, शार्पन म्हणजे शेजाऱ्याशी असलेला फरक वाढवणं. एवढं कळलं की फिल्टरच्या खिडकीतल्या सरकपट्ट्या अंदाजाने ओढाव्या लागत नाहीत.

पहिलं काम उजेडाचं आणि रंगाचं. सोलापूरच्या दुपारच्या उन्हात चादर पसरून फोटो घेतला की पांढरे धागे 255 ला जाऊन टेकतात आणि तिथला तपशील कायमचा जातो. कुठल्याही सॉफ्टवेअरने तो परत येत नाही. दुकानातल्या एलईडी ट्यूबखाली मरून रंग विटकरी किंवा हिरवट दिसतो. सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास सावलीतल्या गॅलरीत, एकाच बाजूने येणाऱ्या उजेडात फोटो घ्यावेत. कापडाशेजारी फोटोग्राफीचं राखाडी कार्ड ठेवावं. साडेतीनशे रुपयांत मिळालं. साधा पांढरा कागद ठेवून भागत नाही, कारण कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेली रसायनं उन्हातल्या अतिनील किरणांनी निळसर चमकतात आणि सगळा रंग त्या प्रमाणात चुकतो.

मग गिंपमध्ये कलर्स मेनूतलं लेव्हल्स उघडायचं, राखाडी बिंदूचा ड्रॉपर घेऊन कार्डावर टिचकी मारायची. एका टिचकीत रंग जागेवर येतो. त्याच उजेडात घेतलेल्या बाकीच्या फोटोंना तेच आकडे लावता यावेत म्हणून लेव्हल्सच्या खिडकीत ती मांडणी नाव देऊन जतन करावी. उजेड कमी-जास्त करायला मधली सरकपट्टी वापरावी. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट वापरलं तर काळा आणि पांढरा दोन्ही टोकांना कापले जाण्याची भीती असते. आयफोनवर काढलेला फोटो असेल तर आणखी एक पायरी आहे. त्याचं कलर प्रोफाइल, म्हणजे रंगांचे आकडे कसे वाचायचे ते सांगणारी माहिती, बहुतेक वेळा डिस्प्ले पी-थ्री असतं. काही विक्रीच्या साइट फोटो चढवताना प्रोफाइल काढून टाकतात आणि लाल रंग फिका पडतो. म्हणून इमेज मेनूतल्या कलर मॅनेजमेंटमधून आधीच एसआरजीबीत, म्हणजे वेबवरच्या नेहमीच्या प्रोफाइलमध्ये, रूपांतर करून घ्यावं.

ऑगस्टमध्ये मागची बाजू कापण्याचं काम आलं. विक्रीच्या मोठ्या साइटवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे तिन्ही रंग 255, असावी लागते. ॲमेझॉनच्या नियमात वस्तूने चौकटीचा 85 टक्के भाग व्यापावा असं आहे, आणि झूम चालण्यासाठी लांब बाजू किमान 1000 पिक्सेल हवी. चादरीची घडी सरळ कडांची असल्याने, बिंदू जोडून रेघ आखणाऱ्या पाथ्स टूलने कापली जाते. टॉवेलचं तसं नाही. त्याच्या कडेला फाशांची, म्हणजे धाग्याच्या बारीक वळ्यांची, लव असते, सारखा रंग निवडणाऱ्या फझी सिलेक्टने ती कापली की दातेरी रेघ आणि मागच्या रंगाची झालर राहते. पाथने निवड करायची, ती एक पिक्सेल आत घ्यायची, कड मऊ व्हावी म्हणून एक पिक्सेल फेदर द्यायचा आणि खोडरबर न वापरता लेअर मास्क लावायचा. मास्कवर काळ्या रंगाने भाग झाकतो, पांढऱ्याने परत येतो. मूळ फोटो शाबूत राहतो, त्यामुळे चार दिवसांनी पुन्हा बघितल्यावरही कड सुधारता येते. खाली ड्रॉप शॅडो द्यायची तर फोटोतला उजेड ज्या बाजूने आहे त्याच्या विरुद्ध बाजूला द्यावी आणि तीव्रता 25-30 टक्क्यांच्या आत ठेवावी. उजेडाच्याच बाजूला पडलेली सावली गिऱ्हाइकाला नेमकी खटकते, कशामुळे ते सांगता आलं नाही तरी.

सप्टेंबरपासून फिल्टर. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. कापडाच्या फोटोंचा खरा शत्रू म्हणजे मोआरे: फोटो लहान केला की चादरीवर कुठूनतरी लाटांसारखे पट्टे उमटतात. कारण साधं आहे. कापडाच्या धाग्यांची एक जाळी आणि पिक्सेलची दुसरी, दोन्ही एकमेकींवर आल्या आणि मापं जुळली नाहीत की तिसरीच नक्षी दिसते. हिशेब करून बघा. फोटो 4000 पिक्सेल रुंद आहे आणि त्यात एक मीटर कापड आहे, म्हणजे एका मिलिमीटरला चार पिक्सेल. तोच फोटो वेबसाठी 800 पिक्सेल केला की मिलिमीटरला 0.8 पिक्सेल उरतो. एक धागा आणि शेजारची फट दाखवायला किमान दोन पिक्सेल लागतात. वीण दर मिलिमीटरला पुन्हा येत असेल तर ती 800 पिक्सेलमध्ये मावतच नाही, आणि न मावलेली वीण पट्टे होऊन बाहेर येते.

याला उपाय दोन. पूर्ण चादरीच्या फोटोत वीण दिसणार नाही हे मान्य करून, लहान करण्याआधी मोठ्या फोटोवर गाउशियन ब्लर लावायचा. पाचपट लहान करायचं असेल तर 2 ते 2.5 पिक्सेलचा. मग स्केल इमेजमध्ये इंटरपोलेशन (नवे पिक्सेल ठरवण्याची रीत) नोहेलो निवडून फोटो लहान करायचा. निम्म्याहून जास्त लहान करताना ते चांगलं काम करतं. आणि वीण दाखवण्यासाठी वेगळा फोटो द्यायचा, 20 सेंटिमीटर कापडाचा. तो 800 पिक्सेलवर आणला तरी मिलिमीटरला चार पिक्सेल उरतात आणि धागा न धागा दिसतो. कॅटलॉगमध्ये प्रत्येक मालाचे असे दोन फोटो ठेवण्यामागे हाच हिशेब आहे.

कधी कधी पट्टे कॅमेऱ्यातच आलेले असतात, तेही इंद्रधनुषी रंगाचे. शक्य असेल तर फोन थोडा पुढे-मागे किंवा तिरका करून पुन्हा फोटो घ्यावा, ते सगळ्यात स्वस्त. ते जमणार नसेल तर लेअरची प्रत करायची, प्रतीला 15-20 पिक्सेलचा गाउशियन ब्लर द्यायचा आणि तिचा मोड एचएसएल कलर करायचा. मग फक्त रंग पुसट होतो, उजेड-सावलीचा तपशील खालच्या लेअरमधून जसाच्या तसा येतो. रंगीत पट्टे जातात. काठाजवळ मात्र दोन रंग एकमेकांत मिसळतात, म्हणून तिथे मास्क लावून वरची प्रत झाकावी. आणखी एक: पट्टे खरोखर फोटोत आहेत की फक्त पडद्यावर, हे आधी बघा. गिंपमध्ये 1 हे बटण दाबलं की फोटो शंभर टक्क्यांवर येतो. 67 किंवा 33 टक्क्यांवर दिसणाऱ्या पट्ट्यांवर विश्वास ठेवू नये.

शार्पन नेहमी फोटो लहान केल्यानंतर. एन्हान्स मेनूतला अनशार्प मास्क मूळ फोटोतून त्याची पुसट प्रत वजा करतो आणि उरलेला फरक मूळ फोटोत मिळवतो. म्हणून त्याच्या नावात अनशार्प आलं तरी फोटो धारदार होतो. 800 ते 1200 पिक्सेलच्या कापडाच्या फोटोला रेडियस 0.6 ते 1, अमाउंट 0.4 ते 0.6 पुरतं. रेडियस 3 ठेवली तर लाल पट्ट्याच्या कडेला पांढरी झळाळी येते आणि कापड पत्र्यासारखं दिसू लागतं. टर्किश टॉवेलला नॉइज रिडक्शन, म्हणजे फोटोतले नको असलेले दाणे पुसणारा फिल्टर, लावू नये. त्या फिल्टरला प्रत्येक फासा म्हणजे नॉइज वाटतो, आणि टॉवेल प्लास्टिकचा होतो. मऊपणा विकायचा आहे तर फासे दिसलेच पाहिजेत.

तिसरी आवृत्ती घ्या असं वर म्हटलं ते याचसाठी. तिच्यात फिल्टर लेअरवर चिकटून राहतो, लेअरच्या नावाशेजारी एफएक्स अशी खूण येते, तिथून केव्हाही आकडे बदलता येतात किंवा फिल्टर बंद करता येतो. 2.10 मध्ये फिल्टर लावला की पिक्सेल बदलले, मग दर वेळी लेअरची प्रत काढून ठेवावी लागते. क्लासमधल्या संगणकावर ही जुनी 2.10 च होती. आणि गिंपमध्ये आपोआप जतन होण्याची सोय नाही. डेस्कटॉपवर काम करत असाल आणि वीज गेली तर शेवटचं कंट्रोल-एस दाबल्यापासूनचं सगळं गेलं. कंट्रोल-एसने एक्ससीएफ फाइल जतन होते, तीच आपली मूळ वही. जेपेग किंवा पीएनजी काढायचं तर एक्सपोर्ट ॲज.

मध्येच एक उपयोगी गोष्ट. क्लासमधली बरीच मुलं बँकेच्या परीक्षांचे अर्ज भरत होती. आयबीपीएसच्या अर्जाला फोटो 200 बाय 230 पिक्सेल, 20 ते 50 केबी, आणि सही 140 बाय 60 पिक्सेल, 10 ते 20 केबी लागते. गिंपच्या जेपेग एक्सपोर्टच्या खिडकीत प्रीव्ह्यूची खूण केली की क्वालिटीची पट्टी सरकवताना फाइलचं वजन समोर दिसतं. सायबर कॅफेत दर अर्जाला पैसे मोजण्याची गरज राहत नाही.

ऑक्टोबरमध्ये फ्रेम. डेकोर मेनूत ॲड बॉर्डर, राउंड कॉर्नर्स, फझी बॉर्डर, ओल्ड फोटो असं बरंच तयार मिळतं. राउंड कॉर्नर्स सोडलं तर कॅटलॉगसाठी त्यातलं काही वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मालापेक्षा चौकट जास्त बोलते. चौकट हवीच तर ती चादरीच्याच काठाची करावी. काठाचा सरळ, सपाट फोटो घ्या आणि नक्षीचा नेमका एक रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, कापा. समजा तो 48 पिक्सेलचा निघाला. चौकटीची आतली बाजू 48 च्या पटीत ठेवायची, उदाहरणार्थ 960, म्हणजे बरोबर 20 रिपीट. असं नसेल तर कोपऱ्यावर नक्षी अर्धी तुटते. कोपरा जोडताना आडवी पट्टी आणि 90 अंशात फिरवलेली उभी पट्टी एकमेकींवर ठेवून वरची 45 अंशात कापायची. फ्री सिलेक्टने रेघ ओढताना कंट्रोल दाबून धरलं की ती 15 अंशांच्या टप्प्यांनीच वळते, त्यामुळे 45 अंश अचूक मिळतात.

पण अशी चौकट प्रत्येक फोटोत भाजून बसवणं वेबसाठी जड पडतं, आणि उद्या फोटोचा आकार बदलला की सगळं पुन्हा करावं लागतं. त्यापेक्षा 144 बाय 144 पिक्सेलचं एकच पीएनजी करायचं: चार कोपरे 48 चे, चार बाजू 48 च्या, मधला चौकोन रिकामा. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये बॉर्डर-इमेज या गुणधर्माला स्लाइस 48 आणि रिपीटला राउंड दिलं की ब्राउझर बाजूच्या तुकड्याची पूर्ण संख्येत पुनरावृत्ती करतो. बॉर्डरची जाडी 24 पिक्सेल ठेवली तर दुप्पट घनतेच्या मोबाइल पडद्यावरही नक्षी स्वच्छ दिसते. एक चौकट, सगळ्या फोटोंना.

पानाच्या मागची नक्षी याच रीतीने झाली. एक पूर्ण रिपीट कापला, लेअर मेनूतल्या ट्रान्सफॉर्ममधून ऑफसेट उघडून अर्धी रुंदी आणि अर्धी उंची सरकवली, रॅप अराउंड ठेवलं. कडा मधोमध येतात, जोड कुठे दिसतो ते कळतं आणि हील टूलने तो मिटवता येतो. मागची नक्षी फिकी असावी, नाहीतर वरची अक्षरं वाचता येत नाहीत.

अक्षरांचा विषय निघालाच आहे तर त्यावर थांबायला हवं. ओळखीच्या फ्लेक्सवाल्याकडून दुकानाच्या बोर्डाचा मजकूर आणला आणि चिकटवला तर रोमन अक्षरांचा गुंता येतो, कारण तो श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टात असतो, युनिकोडमध्ये नसतो. सरळ पुन्हा टाइप करावा. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता हे फॉन्ट मोफत आहेत. गिंपमध्ये जोडाक्षरं बरोबर जुळतात. जुन्या फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात दक्षिण आशियाई मजकुराचा पर्याय निवडल्याशिवाय पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर पडते आणि जोडाक्षरं फुटतात. तपासायला 'सिद्धेश्वर' आणि 'दुसऱ्या' हे दोन शब्द पुरेसे आहेत. वेलांटी, द्ध, श्व आणि ऱ्या सगळं त्यात आलं. किंमत, माप, धुण्याच्या सूचना मात्र फोटोवर लिहू नयेत. त्या पानाच्या मजकुरात असाव्यात, म्हणजे शोधात सापडतात आणि फोटो न बदलता दुरुस्त करता येतात.

नोव्हेंबर-डिसेंबर वेबसाठी फाइली एक्सपोर्ट करण्यात गेले. वेबसाठी 72 डीपीआय (इंचाला ठिपके) ठेवा हा सल्ला अजून सगळीकडे मिळतो. पडद्यावर त्याचा काही परिणाम होत नाही, तिथे फक्त पिक्सेल मोजले जातात, डीपीआय छपाईसाठी. फोटोला जेपेग किंवा वेबपी, लोगो आणि सपाट रंगांच्या चित्रांना पीएनजी. गूगलच्या मोजणीनुसार तेवढ्याच दर्जाचं वेबपी जेपेगपेक्षा 25 ते 34 टक्क्यांनी हलकं असतं. जीआयएफमध्ये फक्त 256 रंग आणि पारदर्शकता अर्धवट नाही, एकतर आहे किंवा नाही. त्यामुळे लोगोच्या कडा दातेरी येतात.

जेपेग काढताना क्वालिटी 80 ते 85, आणि ॲडव्हान्स्ड पर्यायांत सबसॅम्पलिंग 4:4:4, म्हणजे रंगाची माहिती न कापता. चादरीसाठी हे फार महत्त्वाचं आहे. 4:2:0 मध्ये रंगाची माहिती उभी आणि आडवी निम्मी होते. आकाशाच्या फोटोत ते कळत नाही, पण लाल पट्ट्याला लागून पांढरा धागा असेल तिथे लाल पसरतो आणि धागा गुलाबी होतो. वेबपीच्या साध्या, थोडा तपशील गाळणाऱ्या प्रकारात नेहमी 4:2:0 च असतं, म्हणून काठाच्या जवळून घेतलेल्या फोटोंना जेपेगच ठेवलं. एक्झिफची, म्हणजे फाइलमध्ये साठलेल्या फोटोच्या माहितीची, खूण काढून टाकावी. त्यात फोटो घेतल्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात, आणि फोटो घरच्या गॅलरीत काढलेले आहेत. कुणाला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत, नाहीतर ते पुन्हा दाबले जातात आणि केलेली सगळी मेहनत जाते.

डिसेंबरच्या सुरुवातीला क्लासमध्ये प्रकल्प जमा केला. प्रमाणपत्र हातात यायला दीड महिना लागला, तोही दोनदा आठवण करून दिल्यावर. प्रकल्पाची सीडी, पेन ड्राइव्ह काहीही मागितलं तरी एक्ससीएफ फाइलींची एक प्रत आपल्याकडे ठेवावी. एकूण खर्चात फी साडेचार हजार, राखाडी कार्ड साडेतीनशे, माउस साडेचारशे, पांढऱ्या जाड कार्डशीट दीडशेच्या; डोमेन-होस्टिंग वेगळं. लॅपटॉपच्या टचपॅडवर पाथ ओढता येत नाहीत, माउस घ्यावाच.

जानेवारीत पानं चढवली. वरच्या बॅनरसाठी तलावातल्या सिद्धेश्वर मंदिराचा फोटो घेतला होता. पाण्याची रेघ कलली होती, ती मेझर टूलने मापून त्यातल्या स्ट्रेटनने सरळ केली. दुवा व्हॉट्सॲपवर टाकल्यावर जे चित्र दिसतं त्याला 1200 बाय 630 पिक्सेल ठेवावं आणि दुकानाचं नाव मधल्या चौकोनात मावेल असं बसवावं, कारण काही ठिकाणी ते चित्र चौकोनी कापून दिसतं. ब्राउझरच्या टॅबवरची खूण 32 पिक्सेलची, आयफोनसाठी 180 ची. एवढ्या लहान जागेत चादरीची नक्षी दिसत नाही, म्हणून तिथे एकच अक्षर घेतलं. बॅनर बदलून टाकल्यावरही लोकांना जुनंच चित्र दिसत राहतं, कारण ते साठवून ठेवलेलं असतं. अशा वेळी फाइलचं नाव बदलावं, शेवटी -2 लावलं तरी चालतं, आणि पानातला पत्ता त्याप्रमाणे बदलून दुवा पुन्हा पाठवावा.